रीलमधलं डोपामाइन आणि मेंदूतलं डोपामाइन: मोबाइलसाठी १६ की १८, हे मेंदू ठरवतो का?

लासूर स्टेशनच्या फलाटावर छत्रपती संभाजीनगरच्या गाडीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या मुलांना विचारा, की हातातला फोन सुटत का नाही? उत्तर बहुधा एकाच शब्दात येईल: डोपामाइन. हा शब्द त्यांना जीवशास्त्राच्या पुस्तकाने दिलेला नाही, रीलने दिलाय. ‘डोपामाइन हिट’, ‘डोपामाइन डिटॉक्स’, ‘स्वस्तातलं डोपामाइन’. त्याच रीलच्या शेवटी आणखी एक वाक्य हमखास असतं: माणसाच्या मेंदूचा ब्रेक २५व्या वर्षापर्यंत तयारच होत नाही.

हे फक्त रीलपुरतं राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण मुलांचा मेंदू, मोबाइल आणि वय या तीन गोष्टी जोडून आता नियम होऊ लागले आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने त्याच्या तीन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२२मध्येच १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता. केंद्र सरकारच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती.

१६, १८, २५. यातला मेंदूचा आकडा कोणता?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, कुठलाच नाही. सविस्तर उत्तर जास्त रंजक आहे आणि त्यासाठी एका चेतापेशीत डोकवावं लागेल.

आनंदाचं रसायन हे नाव कुठून आलं?

१९५०च्या दशकापर्यंत डोपामाइनला शास्त्रज्ञ फार किंमत देत नव्हते. शरीर नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार करतं, त्या वाटेवरचा एक कच्चा माल, एवढीच त्याची ओळख होती. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये सशांना रेसरपिन हे औषध दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा दिलं आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सन्सच्या रुग्णांना आजही हेच एल-डोपा देतात. कार्लसन यांना २०००मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे या रसायनाची पहिली मोठी ओळख हालचालीशी जोडलेली होती, आनंदाशी नाही.

आनंदाचा संबंध नंतर आला आणि तोही पुरता बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षितपणे रसाचा घोट मिळाला की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी जोरात सक्रिय होतात. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळलं, की त्या दिव्यालाच प्रतिसाद देतात आणि रस आला तरी गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षा खाली जातो. थोडक्यात, ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी’ याचा हा हिशोब आहे. पुढची रील भारी निघेल की फालतू हे आधी कळत नाही आणि बोट वर सरकत राहतं, यात या हिशोबाचा वाटा असणार, हे मानायला जागा आहे.

‘डोपामाइन फास्टिंग’ २०१९मध्ये लोकप्रिय करणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनी स्वतःच सांगून टाकलंय, की हे नाव शब्दशः घेऊ नका. उपाशी राहून डोपामाइन कमी होत नाही, सवयीला खाद्य मिळणं कमी होतं. रीलवाल्यांनी नाव तेवढं उचललं.

आता महत्त्वाचा भाग. हेच डोपामाइन कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्येही पोचतं. थांबणं, ठरवणं, एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, ही तिथली कामं. ज्याला रीलमध्ये ‘ब्रेक’ म्हणतात तो हाच भाग. म्हणजे फोनकडे खेचणारं म्हणून बदनाम झालेलं रसायन ब्रेकच्या पेशींनाही लागतं. १९७९मध्ये पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या गटाने माकडांच्या या भागातलं डोपामाइन जवळपास संपवलं, तेव्हा काही सेकंदांपूर्वी पाहिलेली जागा लक्षात ठेवणं त्यांना जमेना. तो भागच कापून टाकल्यावर होतं जवळजवळ तेवढंच नुकसान झालं. पुढच्या संशोधनात दिसलं, की तिथे डोपामाइन फार कमी झालं तरी बिघडतं आणि फार जास्त झालं तरी. आमटीतल्या मिठासारखं.

फाटक, मीठ आणि दातांच्या डॉक्टरचं इंजेक्शन

मिठाची उपमा इथे नुसती उपमा नाही. चेतापेशी सोडियमवरच चालते. पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा साधारण दहापट सोडियम असतं आणि पेशीच्या आवरणावर त्याची फाटकं असतात. लासूरसारख्या मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना फाटकाचं काम वेगळं सांगायला नको, फक्त इथलं फाटक उलट्या पद्धतीचं आहे. ते एरवी बंद असतं. आजूबाजूच्या पेशींकडून येणारे संदेश साठत जातात, विद्युतदाब एका मर्यादेपलीकडे गेला की फाटकं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास ती पुन्हा बंद होतात. ही लाट पुढे सरकते, म्हणजेच पेशी ‘बोलते’. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी स्क्विड या समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूवर हे मोजलं, १९५२मध्ये गणितात मांडलं आणि १९६३मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही फाटकं बंद पाडली तर काय होतं, हे दाढ काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हिरडीत देतात ते लिग्नोकेनचं इंजेक्शन सोडियमची फाटकंच अडवतं. दुखण्याचा निरोप निघतच नाही.

डोपामाइन यात काय करतं? ते स्वतः फाटक उघडत नाही. पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्यासाठीच बनलेल्या कुलपावर, ते बसतं. असे पाच प्रकारचे रिसेप्टर आहेत, डी-१ ते डी-५. त्यांची दोन घराणी: डी-१ आणि डी-५ एका बाजूला, डी-२, डी-३, डी-४ दुसऱ्या बाजूला. पेशीच्या आतल्या एका निरोप्या रसायनाचं प्रमाण पहिलं घराणं वाढवतं, दुसरं कमी करतं. तो निरोप साखळीने फाटकापर्यंत पोचतो आणि फाटक जरा सैल किंवा जरा कडक होतं. गेटमनला आलेल्या फोनसारखं. गाडी आणणं त्या फोनच्या हातात नाही.

मग डी-१ रिसेप्टर जागे झाले तर सोडियमचा प्रवाह वाढतो की घटतो? इथे शास्त्रज्ञांचंच जमत नव्हतं. चार्ल्स यांग आणि जेरेमी सीमन्स यांनी १९९६मध्ये उंदीर-वर्गातल्या रॅट या प्राण्याच्या प्रीफ्रंटल पेशींवर काम करून सांगितलं, की डी-१मुळे पेशी अधिक सहज बोलते, कारण जो थोडासा सोडियम प्रवाह सतत झिरपत राहतो तो लवकर सुरू होतो. जेम्स सर्माइयर यांच्या गटाने २००१मध्ये अशाच पेशी सुट्या करून थेट प्रवाह मोजला. त्यांना उलट दिसलं: झटकन उघडून बंद होणारा मुख्य प्रवाह डी-१ आणि डी-५मुळे दबतो आणि झिरपणारा प्रवाह आहे तसाच राहतो.

दोन्ही नावाजलेल्या प्रयोगशाळा, मेंदूचा तोच भाग. पेशी तुकड्यात तशीच ठेवून मोजली की सुटी करून, कोणती पेशी निवडली, यावर उत्तर बदलतं. ‘डोपामाइन वाढलं की असं होतं’ हे ३० सेकंदांत ठासून सांगणाऱ्याने निदान हा वाद एकदा बघावा.

त्यात वय मिसळा

क्वेई युआन त्सेंग आणि पॅट्रिशियो ओ’डॉनेल यांनी २००७मध्ये याच भागातल्या ‘आवर घालणाऱ्या’ पेशी तपासल्या. शेजारच्या पेशींना गप्प करणं हे या पेशींचं काम. डी-१ला चेतवलं, तर लहान आणि मोठ्या, दोन्ही वयांच्या रॅटमध्ये या पेशी अधिक सक्रिय झाल्या. डी-२ला चेतवलं, तेव्हा मात्र फरक पडला. वयात आलेल्या प्राण्यांमध्ये पेशी सक्रिय झाल्या, वयात न आलेल्यांमध्ये काहीच झालं नाही. रसायन तेच, रिसेप्टर तोच, पेशीचा प्रकार तोच, पण मधे पौगंडावस्था उलटून गेलेली. शिवाय रॅटच्या या भागात येणारे डोपामाइनचे तंतू पौगंडावस्थेतही वाढतच असतात.

म्हणजे वयाने फरक पडतो, हे खरं आहे. रीलमधल्या दाव्याचा हा पाया पोकळ नाही. माणसांतही अशाच दिशेचे पुरावे आहेत. नितीन गोगटे आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये १३ मुलांचे मेंदू दर दोन वर्षांनी स्कॅन करून ४ ते २१ वर्षांपर्यंतचा प्रवास जोडला. हालचाल आणि इंद्रियांचे भाग आधी पक्व होताना दिसले, प्रीफ्रंटलचा भाग उशिरा.

घसरण इथून पुढे होते. रॅट जेमतेम दीड महिन्यात पौगंडावस्था ओलांडू लागतो. त्यावरून माणसाचं अमुक वर्ष काढता येत नाही. माणसांचे स्कॅन सरासरी दाखवतात, आणि एकाच वयाच्या दोन मुलांत पुष्कळ फरक असतो. २५ हा आकडा तर कुठल्या एका प्रयोगात सापडलेला नाही. वाढ हळूहळू मंदावते आणि कुठेतरी रेघ ओढावी म्हणून लोकांनी गोल आकडा धरला. दुसऱ्या टोकाला, वय वाढत जातं तसे मेंदूतले डोपामाइनचे रिसेप्टर कमी होत जातात, हेही स्कॅनमध्ये दिसलं आहे. रात्री साडेअकराला युट्यूब शॉर्ट्स बघणाऱ्या आजोबांसाठी अजून कुणी ठराव केलेला नाही, एवढंच.

कायद्यातली वयं मेंदू मोजून आलेलीही नाहीत. मतदानाचं वय २१वरून १८ झालं ते ६१व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. त्या वर्षी १८ वर्षांच्या कुणाच्या चेतापेशी अचानक पिकल्या नव्हत्या. समाजाने ठरवलं. त्यात वाईट काही नाही, रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण ती आपण ओढली हे मान्य केलं, तर ती चुकली की नाही यावर बोलता येतं. ‘मेंदूशास्त्राने सांगितलं’ म्हटलं की चर्चा तिथेच संपते.

दोन गावं, दोन पद्धती

बान्सीच्या ठरावाच्या आधी, ऑगस्ट २०२२मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळीच वाट धरली. रोज संध्याकाळी ७ वाजता गावात भोंगा वाजतो. पुढचा दीड तास मोबाइल बंद, टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलत बसायचं. कोविडच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातून फोन सुटेना, ही तक्रार मूळ होती. सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं, मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

दोन्ही गावांची काळजी सारखीच आहे. फरक असा, की बान्सीने वयाची रेषा ओढली आणि वडगावने वेळेची. वडगावात मालिका बघणारी आई आणि क्रिकेट बघणारे वडीलही भोंग्याच्या आत येतात.

वर सांगितलेलं संशोधन कुठल्याही गावाने वाचलेलं असण्याची गरज नाही, तरी वडगावची पद्धत त्याच्याशी जास्त जुळते. ज्या पेशींना अजून घडायचं आहे त्यांच्यावर एकट्याने ब्रेक दाबायची जबाबदारी टाकण्यापेक्षा समोरचं आमिषच काही वेळ सगळ्यांसाठी बाजूला ठेवलेलं बरं. आणि सतराव्या वर्षी पूर्ण बंदी, अठराव्या वाढदिवसाला पूर्ण मोकळीक, अशी उडी यात नाही. दीड तासाने मुलांचे मार्क वाढले का, हा वेगळा मुद्दा आहे आणि भोंग्याचं मोल फक्त त्यावर ठरू नये.

बंदी सरसकट असू शकते, याचं उदाहरण देशपातळीवरही आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा पैसे लावून खेळायच्या खेळांना सगळ्याच वयांसाठी मनाई केली. चाळिशीतला प्रीफ्रंटलही रमीच्या अ‍ॅपपुढे टिकतोच असं नाही, हे त्यात आपोआप मान्य झालं.

पुण्यात मात्र तेच वाक्य उलटं

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनीअरना चिरडलं. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध घातला. संताप उसळला. तो समजण्यासारखाच होता, दोन घरं उद्ध्वस्त झाली होती. सोशल मीडियावर मागणी एकच: याला सज्ञान समजून खटला चालवा.

ज्या फीडवर १७ वर्षांच्या मुलाचा मेंदू इन्स्टाग्रामसाठी कच्चा असतो, त्याच फीडवर १७ वर्षांचा मुलगा तुरुंगासाठी पक्का ठरला. दोन्ही पोस्ट एकाच अकाउंटवरून गेल्या असतील तरी नवल नाही.

कायदा इथे काय म्हणतो? दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर झालेल्या बाल न्याय कायदा, २०१५नुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक तपासणी करतं. मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का, परिस्थिती काय होती, हे बघायचं. ही तपासणी नाजूक आहे आणि मंडळात बाल-मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये बजावलं.

पण ‘परिणाम समजत होते का’ हा प्रश्न मेंदूच्या अर्ध्याच भागाला विचारलेला आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटं खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि २४ वर्षांपुढची माणसं साधारण सारखाच धोका पत्करत होती. मित्र शेजारी बसल्यावर मुलांनी घेतलेला धोका खूप वाढला, मोठ्यांचा जवळपास तेवढाच राहिला. सोळा-सतराच्या मुलाला शांतपणे विचारलं तर दारू पिऊन गाडी चालवल्यावर काय होतं हे तो नीट सांगेल. मित्रांच्या घोळक्यात, रात्री अडीचला थांबता येणं हे निराळं कौशल्य आहे.

यावरून शिक्षा नको असं निघत नाही. चावी देणाऱ्या आणि दारू वाढणाऱ्या सज्ञान माणसांची जबाबदारी मात्र वाढते, कारण ब्रेक त्यांच्या हातात होता.

प्रत्यक्षात १५ जुलै २०२५ला पुण्याच्या मंडळाने मुलाला सज्ञान मानण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. बचाव पक्षाने मेंदूपेक्षा कायद्याच्या कलमांवर भर दिला होता: लावलेल्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा नाही, त्यामुळे ते ‘निर्घृण’च्या व्याख्येत बसत नाहीत. अमेरिकेत २००५च्या रोपर विरुद्ध सिमन्स खटल्यात १८ वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द झाली, तेव्हाही न्यायालयाने मान्य केलं होतं, की १८ला जादू होत नाही, पण रेषा कुठेतरी हवी.

आता पुढे काय?

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट इकडे फारशी चर्चेत आली नाही. बंदी मोडली तर मुलाला किंवा पालकांना दंड नाही. दंड कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

भारताचा डेटा संरक्षण कायदाही कंपन्यांकडेच बोट दाखवतो. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि काही अपवाद सोडले तर मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यावरून त्यांना जाहिराती दाखवणं चालणार नाही. यातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. मुलाने कुठल्या रीलवर किती सेकंद बोट थांबवलं, यावरूनच तर पुढची रील ठरते. ती पाळत थांबली तर मूल १५ वर्षांचं असो की १७चं, आमिषाची धार कमी होते.

पहिल्या भागाचं अवघड आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ उजाडेल. तोवर कंपन्यांना पालकांची संमती तपासायची पद्धत बसवायची आहे. अनेक घरांत फोन एकच असतो, सिम वडिलांच्या नावावर असतं, पासवर्ड मुलीला पाठ असतो आणि आलेला ओटीपी वडिलांना वाचून दाखवणारीही तीच असते.